हवालदाराची टाकी

आमच्या शेजारच्या पंक्चरवाल्या दादांना सगळी गल्ली हवालदार म्हणते. पोलिसांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. जन्मभर हवा भरली म्हणून हवालदार. नाव मीच ठेवलं, आणि दादा ते मिरवतातही.

रस्ता रुंद झाला त्यात दादांचं दुकान गेलं. दुसरा कोणी डोक्याला हात लावून बसला असता. दादांनी जुना पिकअप घेतला. गिऱ्हाईक येत नाही ना, मग आपणच त्याच्या दारात जायचं. गाडीच्या दारावर फोन नंबर रंगवून घेतला, हौद्याखाली हवेची टाकी बसवली आणि सीटमागे बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर. टाकी भरली की तो आपोआप बंद, हवा उतरली की आपोआप चालू. जोडणी इतकी देखणी, की वहिनी घराआधी गाडी पुसायला लागल्या.

फक्त रोज सकाळी बॅटरी मेलेली आणि टाकी रिकामी. हवा कुठूनतरी गळत होती आणि ती भरून काढता काढता कॉम्प्रेसर बॅटरी पिऊन टाकत होता.

दादांनी आधी बॅटरीवाल्याच्या नावाने बोटं मोडली, मग टाकीवाल्याच्या. जोडांवर साबणाचं पाणी लावलं की गळती असेल तिथे फेस येतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण दादांच्या मते साबण शिकाऊंसाठी. माझा कान कशाला आहे, म्हणायचे आणि डॉक्टरच्या थाटात एकेका जोडाला कान लावत गाडीखाली सरपटायचे.

आता खरी गोष्ट ऐका. ती गळती मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होती. फुस्स, अखंड. रात्री कॉम्प्रेसर घुरघुरला की अर्धी गल्ली कूस बदलायची. ऐकू येत नव्हतं ते एकट्या दादांना. हातोडा आणि हवेच्या आवाजात त्यांचे कान कधी गेले, त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. आम्ही वरच्या पट्टीत बोलायचो, तर म्हणायचे, गल्ली हल्ली फार भांडखोर झाली आहे.

वहिनींनी मला दटावून ठेवलं होतं. "भाऊजी, तुमच्या जिभेला हाड नाही, ठाऊक आहे मला. पण एवढं बोलू नका. दुकान गेलं तरी ते जेवले. हे कळलं तर ताटावर बसायचे नाहीत."

पण गप्प बसेन तर मी कसला? त्या दिवशी दादा बॅटरी चार्ज करून, टाकी गच्च भरून पुन्हा गाडीखाली शिरले. मी ओरडून म्हटलं, दादा, एकदा हिला आंघोळ तरी घाला. वहिनींनी माझ्याकडे रागाने बघितलं, मग काय वाटलं कोण जाणे, बादलीत साबण कालवला आणि हौदा धुण्याचं निमित्त करून पाणी खाली सोडलं.

दादांचा कान ज्या जोडाला लागला होता, तिथेच फेस फुगला. भसाभसा, पार कानात जाईस्तोवर.

ते लगेच उठले नाहीत. फेसाकडे बघत पडून राहिले. मग पान्याने जोड आवळला, बाहेर आले आणि वहिनींना विचारलं, "तुम्हाला ऐकू येत होतं?"

"टाकी बसवली तेव्हापासून," वहिनी म्हणाल्या. मग दादांना ऐकू गेलं नसेल असं वाटून मान डोलावली.

 

तेवढ्यात सीटवरचा फोन वाजायला लागला. वहिनी माझ्याकडे बघतात, मी वहिनींकडे. दादांनी आमचे चेहरे वाचले आणि फोन उचलला. कुठे, कुठे, असं विचारत राहिले, आणि शेवटी तो माझ्या हातात दिला. पुलापलीकडे मालट्रक बसला होता, मागच्या चाकाने दगा दिला होता. मी ते त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, दोनदा.

दादा स्टिअरिंगवर बसले. टाकीचा काटा जागचा हलला नव्हता, गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. पण ते निघेनात.

"पुढचा फोन येईल तेव्हा मी काय करू?"

हे त्यांनी मला विचारलं की वहिनींना, कोणास ठाऊक. मालट्रकवाला उन्हात खोळंबला होता, म्हणून दादा गेले. जाताना फोन वहिनींच्या ओल्या हातात ठेवून गेले.

आता तो वाजला तर वहिनी उचलतील, पत्ताही नीट विचारून घेतील. पण तो दादांना सांगणार कसा?

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो, आणि फोन पुन्हा वाजायला लागला.