दवाखान्याच्या अंगणातले सात बाक

तिच्या वडिलांनी तिच्या कामाचं नाव कधी धड घेतलं नाही. त्यांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं आणि ज्या गोष्टीची व्याख्या एका ओळीत होत नाही ती गोष्ट मुळातच संशयास्पद, असं त्यांचं मत होतं. "मुलगी आर्किटेक्ट आहे," एवढं ते सांगत. समोरच्याने "कुठली बिल्डिंग केली?" असं विचारलं की हात हवेत फिरवून म्हणत, "बिल्डिंगच्या बाहेरचं असतं तिचं." थोरला भाऊ तिला सरळ माळीणबाई म्हणायचा. वहिनी अधूनमधून बाल्कनीतली मरायला टेकलेली एखादी कुंडी आणून "तुझ्या हाताला गुण आहे गं" म्हणत तिच्या दारात ठेवून जायची. कुंड्या तिच्याकडेही मरत.

ती लँडस्केप आर्किटेक्ट होती. पाणी कुठून वाहून कुठे जाईल, चढ किती ठेवला म्हणजे चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याला धाप लागणार नाही, झाडाच्या मुळांना माती किती लागेल, दुपारी तीन वाजता सावली कुठे पडेल, हे सगळं आधी कागदावर आणि मग जमिनीवर ठरवायचं, हे तिचं काम. पंचवीस वर्षं ती हे सांगत आली होती, पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसं. चष्म्याच्या दुकानावरच्या दीड खोलीत तिचं ऑफिस होतं. टेबलाखाली फरशांचे नमुने, खिडकीत बरण्यांमधून वेगवेगळ्या साइटची माती. बोलावणं यायचं ते मात्र नेहमी सगळं झाल्यावर. इमारत उभी राहिलेली, नळ-गटारं टाकून झालेली, उद्घाटनाची तारीख ठरलेली, आणि मग फोन: "मॅडम, जरा हिरवंगार करून द्या ना."

अकरा वर्षांपूर्वी एका मोठ्या दवाखान्याचं काम आलं तेव्हा तिला वाटलं, या वेळी तसं नाही. पाया खणायच्या आधी तिला बोलावलं होतं. चार मजली नवी इमारत, मधोमध उघडं अंगण, चारही बाजूंनी वॉर्डांच्या खिडक्या. खाटेवर पडलेल्या माणसाला दुसरं काही दिसणारच नव्हतं, जे काही दिसेल ते हे अंगण. अडचण एकच होती. अंगणाखाली गाड्यांचं बेसमेंट होतं. म्हणजे ते अंगण जमिनीवर नव्हतंच, छतावर होतं.

इमारतीचे आर्किटेक्ट बडे होते. त्यांना सगळे 'सर' म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा.

"चार फूट माती?" सरांनी तिच्या ड्रॉइंगवर बोट ठेवलं. "एवढं ओझं छतावर? दीड फूट घ्या."

"दीड फुटात झाड उभं राहत नाही, सर. राहिलंच तर पहिल्या वादळात आडवं होईल."

"मग छोटी लावा. शेवटी हिरवं ते हिरवं."

ती गप्प बसली नाही. स्ट्रक्चरल इंजिनियरच्या मागे लागून तीन दिवस त्याच्या शेजारी बसली आणि खालच्या खांबांच्या बरोबर डोक्यावर येतील अशा पाच जागा शोधल्या. तिथे चार फुटांचं ओझं आरामात पेलणार होतं. पाच जागा, पाच झाडं. सरांनी मान डोलावली. मग काम सुरू झालं आणि दर महिन्याला एकेक जागा जायला लागली. दोन जागा बेसमेंटची हवा बाहेर काढणाऱ्या पाइपांनी खाल्ल्या. तिसरीवर जनरेटरचं धुराडं आलं. चौथ्या जागी कोणीतरी परस्पर पाण्याच्या टाकीचं झाकण बसवलं, आणि ते कोणी बसवलं याचा ताकास तूर कोणी लागू देईना. प्रत्येक वेळी ती भांडली, पत्रं लिहिली, साइटवर उन्हात उभी राहिली. शेवटी पाचांतलं एक झाड उरलं.

मग बाकांची पाळी आली. तिने लाकडी बाक काढले होते, पाठ असलेले, हात असलेले. सर म्हणाले, "फार घरगुती वाटतंय. मला स्वच्छ रेषा हवी. दगडाचे ठोकळे करा, सलग, बुटके." एका झाडासाठी वर्षभर भांडून तिच्या नाकी नऊ आले होते. बाकांवरून भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिनेच नवं ड्रॉइंग काढलं आणि खाली सही केली. खरं सांगायचं तर ते करड्या दगडाचे सात ठोकळे बसवून झाल्यावर तिला आवडलेही. एका मासिकात त्यांचा फोटो आला तेव्हा तिने तो कापून फायलीत ठेवला. उद्घाटनाला तिला चौथ्या रांगेत बसवलं होतं. आभार मानणाऱ्याने "बागकाम विभाग" म्हणून तिची बोळवण केली. त्यानंतर ती त्या दवाखान्याकडे फिरकली नाही.

मागच्या वर्षी वडील पडले. वय एक्याऐंशी, स्टुलावर चढून बल्ब बदलत होते. खुब्याचं हाड मोडलं. भावाने त्यांना नेमकं त्याच दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं, आणि पाचव्या दिवशी व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, वॉकर घेऊन खाली अंगणात जाऊन या.

आठ वर्षांनी ती त्या अंगणात पाऊल टाकत होती. आधी तिने कोपरे पाहिले. पाणी कुठेच साचलेलं नव्हतं, उतार बरोबर होता. झुडपं मात्र कापून कापून चेंडूसारखी केली होती. तिच्या ऐटबाज वळणाच्या पायवाटेकडे ढुंकूनही न बघता लोकांनी गवतातून तिरकी वाट पाडली होती, या दारापासून त्या दारापर्यंत सरळ. झाड दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागलं होतं आणि त्याच्याखाली पेशंटचे नातेवाईक चादरी अंथरून बसले होते. दगडी बाक सगळे रिकामे. तिला लोकांचाच राग आला. सात सात बाक असताना जमिनीवर काय बसायचं!

"दमलो," वडील म्हणाले. तिने त्यांना जवळच्या बाकावर बसवलं.

पाच-दहा मिनिटं बरी गेली. मग त्यांना उठायचं होतं. वॉकर हाताला लागेना, पुढे सरकला होता. पाठीला टेकू नाही, धरायला काही नाही. त्यांनी तळवे दगडावर दाबले, ते गुळगुळीत पृष्ठभागावर घसरले. तिने काखेत हात घातला तो त्यांनी झटकला. "मी उठतो." पुन्हा जोर लावला, अर्धवट उठले आणि धप्पकन खाली बसले. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी वॉर्डबॉय धावत आला आणि त्याने पोतं उचलावं तसं त्यांना उचललं. चार लोक बघत होते. वडिलांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"कोणी केलाय हा बाक?" ते कडाडले. "गाढवच असला पाहिजे! दवाखान्यात बाक करतो आणि हात टेकायला जागा ठेवत नाही?"

"मी केलाय, बाबा," ती म्हणाली.

लिफ्ट येईपर्यंत दोघं भिंतीकडे बघत उभी राहिली. वर खोलीत, खाटेवर आडवं झाल्यावर त्यांनी विचारलं, "उंची किती धरलीस?"

"पंधरा इंच."

"कोणाचे गुडघे समोर ठेवून?"

सरांचे नक्की नव्हते, ते त्यावर कधी बसलेच नसतील.

दुसऱ्या दिवशी वडिलांचा व्यायाम चालू असताना ती वही घेऊन अंगणात बसली, आणि नंतरही चार तास तिथेच राहिली. बाकांपाशी एकेचाळीस माणसं आली. बसली नऊ. त्यातल्या सहा जणांना दुसऱ्याने हात देऊन उठवलं. एक म्हातारी बाक चाचपून पुढे गेली आणि झाडाखाली बसली.

"आजी, जमिनीवरून उठायला बाकापेक्षा सोपं पडतं का?" तिने विचारलं.

"झाडाला धरून उठते ना मी," म्हातारी म्हणाली. "त्या मेल्या दगडाला कुठे धरू?"

तिने दवाखान्याच्या प्रशासकांना पत्र लिहिलं. बाकांवर लाकडी फळ्या बसवून उंची चार इंचांनी वाढवावी, दोन्ही बाजूंना स्टीलचे हात लावावेत, ड्रॉइंग मी विनामूल्य देते. पंधरा दिवसांनी त्यांनी बोलावलं. माणूस सौम्य होता, समोर तिची जुनी फाइल उघडी होती.

"ड्रॉइंग तुमचं, खाली सही तुमची. आणि आता तुम्हीच म्हणता की चुकलं?"

"हो, मीच म्हणते."

"मग मॅडम, असं लेखी नका देऊ हो. उद्या कोणी पडलं तर आम्ही गोत्यात येऊ." त्यांनी पत्र अलगद तिच्याकडे सरकवलं. "आणि मूळ आर्किटेक्टची परवानगी लागेल."

सरांना भेटायला तीन आठवडे लागले.

"आठ वर्षांनी?" सर म्हणाले. "ते बाक म्हणजे त्या अंगणाची ओळख आहे."

"त्यांच्यावर कोणी बसत नाही, सर."

"वरून बघताना छान दिसतात की."

"पेशंटला तिथून खाली यायचं असतं."

सरांनी घड्याळ पाहिलं. त्यांनी नाहीही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही. दगडाला भोक पाडलं तर बेसमेंटमध्ये पाणी गळेल, असा शेरा देखभाल विभागाने मारला. पुन्हा प्रशासक, पुन्हा सर. असे पाच महिने गेले. चुकीची गोष्ट करायला एक सही पुरली होती, ती दुरुस्त करायला सहा लागत होत्या. दुसऱ्याचा हलगर्जीपणा असता तर तिने तोंडसुख घेतलं असतं. इथे प्रत्येक टेबलावर तिचीच सही तिच्याकडे बघत होती.

"अगं, बाबा घरी आले, काठी घेऊन चालतात," भाऊ म्हणाला. "तुला आता त्या बाकांचं काय पडलंय?"

ती त्याच्यावर अशी ओरडली की स्वयंपाकघरातून वहिनी हातातलं काम टाकून बाहेर आली. मग तिलाच ओशाळं वाटलं आणि ती निघून गेली.

वडिलांनी मात्र मनावर घेतलं. आलेखाच्या कागदावर त्यांनी गुडघ्याचा कोन काढला, हात टेकायची उंची काढली, आणि प्रमेय सिद्ध केल्यासारखं खाली अधोरेखित करून तिच्यासमोर ठेवलं. आकडे बरोबर होते, पण त्यांच्या हिशोबाने झालेला बाक एखाद्या शिक्षेच्या यंत्रासारखा दिसत होता. दोघं त्यावरून तासभर भांडली. त्यातून एक गोष्ट निघाली. भोक पाडायचंच कशाला? दगडाला दोन्ही बाजूंनी कवेत घेईल अशी स्टीलची चौकट करायची, वर फळ्या, दोन बाजूंना हात. दगडाला धक्का नाही. वेल्डरने एक नमुना करून दिला.

तो घेऊन ती देखभाल विभागात गेली. तिथला अधिकारी चौकटीभोवती एक चक्कर मारून आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, अर्जात 'दुरुस्ती' लिहू नका. 'फर्निचर' लिहा. बांधकामाला परवानगी लागते, फर्निचरला नुसती पावती पुरते."

पाच महिने ती ज्या भिंतीवर डोकं आपटत होती तिला दार होतं, आणि ते कोणी सांगितलं नव्हतं. तिला हसावं की रडावं कळेना. तिने 'फर्निचर' लिहिलं. दहा दिवसांत तीन चौकटी बसल्या.

महिन्याभराने वडिलांच्या तपासणीसाठी दोघं गेली तर अंगणात दोनच. तिसरी कुठे गेली म्हणून विचारत विचारत ती तिसऱ्या मजल्यावर पोचली. प्रशासकांच्या केबिनबाहेर, पाहुण्यांना बसायला, एका लाकडी पेटीवर ती चौकट ऐटीत विराजमान होती. फर्निचरच ते, उचलून आणलं होतं.

"छान आहे हो," प्रशासक म्हणाले. "कोणी केलं?"

ती सरळ खाली जाऊन दोन वॉर्डबॉय घेऊन आली आणि चौकट उचलायला लावली. प्रशासक "अहो, अहो" करत लिफ्टपर्यंत मागे आले. ती थांबली नाही.

अंगणात चौकट पुन्हा दगडावर चढवून बोल्ट आवळेपर्यंत एक बाई तिथे येऊन उभीच होती, हाताला सलाइनची सुई, शेजारी नवरा. फळी बसताच ती बसली. थोड्या वेळाने दोन्ही हातांवर भार देऊन आपली आपण उठली, नवऱ्याकडे न बघता, आणि चालायला लागली. इतक्या लोकांत कोणी त्याची दखल घेतली नाही.

वडील पलीकडच्या बाकावरून हे बघत होते. "अर्धा इंच जास्त रुंद झालाय हात," ते म्हणाले.

"माहितीये," ती म्हणाली, आणि पाना पिशवीत टाकला.

उरलेल्या चार बाकांचा अर्ज अजून प्रशासकांच्या टेबलावर पडून आहे; त्या दिवसापासून फर्निचरलाही त्यांची सही लागते. ती दर सोमवारी फोन करते. पलीकडची मुलगी आता तिचा आवाज ओळखते आणि तिने काही विचारायच्या आत सांगते, "अजून नाही, मॅडम."