शंभर ठोक्यांची वाट

सगळे त्यांना मास्तर म्हणत. साधी वेळ विचारली तरी ते खडू घेऊन फळ्यापाशी जात. गावातले चाळीस पाण्याचे पंप आणि कचेरीतलं यंत्र यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, तो प्रोग्राम बावीस वर्षांपूर्वी त्यांनी आणि त्यांच्या जोडीदाराने लिहिला. जोडीदार गेला. आता यंत्रही जायचं होतं. नव्या यंत्रावर प्रोग्राम चालला तर ठीक. नाहीतर बाहेरून विकतचा प्रोग्राम, तयार माल येणार, मग मास्तरांचं इथे काय काम?

तीन दिवस नव्या यंत्राच्या पडद्यावर सगळे पंप ‘बंद’ दिसत होते. पंप मात्र ठणठणीत.

“मास्तर, चाळीस जिवंत माणसं मसणात पोचवलीत की हो,” कचेरीची साहेबीण म्हणाली. एकेकाळी ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

“उत्तरं येतायत ना त्यांची?”

“येतायत. आपणच आधी फोन ठेवतोय.”

मास्तरांनी प्रोग्राममधली ती जुनी ओळ उघडली: उत्तरासाठी शंभर ठोके थांब. जुन्या यंत्राचं घड्याळ सेकंदाला शंभर ठोके देई, नवं हजार देतं. म्हणजे आता सेकंदाचा दहावा हिस्सा थांबायचं, आणि पंपाला लागतो अर्धा सेकंद.

जोडीदार तेव्हाच म्हणाला होता, “अरे, सेकंदात लिही. ठोक्यांचा हिशोब वेगळ्या फायलीत ठेव. उद्या यंत्र बदललं तर?”

“यंत्र कुठे पळून चाललंय?” असं म्हणून मास्तरांनी वर दोन दिवस अबोला धरला होता.

एकोणीस ठिकाणचे ठोके त्यांनी उपसून काढले आणि तिथे सेकंद लिहिले. चार वाजता चाळीसही पंप पडद्यावर बोलू लागले. मास्तरांनी वळून पाहिलं. साहेबीण खिडकीबाहेर बघत होती.

“तयार माल घ्यायच्या कागदावर सकाळीच सही झाली, मास्तर.”

“मग दुपारभर मला का राबू दिलंस?”

“तीन दिवसांनी आज तुम्ही डबा उघडलात. मला सांगवेना.”

“बरं.”

ती गेल्यावर त्यांनी डबा पिशवीत घातला. मग पुन्हा बसले. बदल केला की नोंदीच्या फायलीत कारण लिहायचं, हा नियम त्यांनीच घातलेला. आता ती फाईल कुणी उघडणार नव्हतं. तरी त्यांनी लिहिलं: जोडीदाराचं बरोबर होतं.

आणि यंत्र बंद केलं.