पाटीवरची रूम

चांदे या आमच्या गावाहून कंपनी फार लांब नाही, पण पहिला महिनाभर मला ती लांबच वाटायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. इंटर्नशिप तीन महिन्यांची होती. काम जमलं तरच पुढे ठेवणार होते.

पहिलंच काम होतं ग्राहकांची यादी उघडायला लागणारा वेळ कमी करण्याचं. अडचणींची उत्तरं कंपनीतलेच लोक जिथे लिहून ठेवतात, त्या माहितीपानांत मी दोन दिवस 'यादी स्लो', 'पेज उघडत नाही' असं काहीबाही शोधत राहिले. शेवटी भीत भीत माझ्या सीनियर ताईंना सांगितलं. त्यांनी एक पान उघडून दिलं. नाव होतं 'इंडेक्स'.

ते पान मी पहिल्याच दिवशी पाहून सोडून दिलं होतं. आमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये पहिलं पान इंडेक्सचं असतं, सरांच्या सह्यांचं. हेही तसलंच असेल असं मला वाटलं. डेटाबेसमधली नोंद चटकन सापडावी म्हणून इंडेक्स करतात, हे मी परीक्षेत लिहिलं होतं, तरीही.

हे मी ताईंना सांगून टाकलं. ताई आधी हसल्या. मग म्हणाल्या, "ते पान मीच लिहिलंय. तरी जो तो मलाच येऊन विचारतो. आता ते सापडेल असं तूच कर."

घरी आईला सांगितलं. मागे आयटीतल्या मुलांना भाड्याने द्यायला आम्ही दोन खोल्या काढल्या, तेव्हा दारातल्या पाटीवर 'खोल्या भाड्याने देणे आहे' असं होतं. मुलं पाटीपुढे गाडी लावून शेजारच्या दुकानात 'रूम है क्या' विचारायची. मग आईनेच पाटी बदलून तिच्यावर 'रूम' लिहून घेतलं होतं.

"येणारा जे इचारतोय तेच भायेर लिवायचं," ती म्हणाली. "आपला शबुद आतमदी."

दुसऱ्या दिवशी मी टेबलाटेबलावर जाऊन विचारलं, अडलात तेव्हा काय टाइप केलं होतं? कुणी 'सर्च हँग' म्हणालं, कुणी 'टाइमआउट'. ते सगळे शब्द पानावर घातले. नाव ठेवलं, 'यादी उघडायला वेळ का लागतो?' इंडेक्स हा शब्द दुसऱ्या ओळीत गेला.

शेवटच्या आठवड्यात एक नवीन मुलगा आला. त्यालाही तशीच एक हळू उघडणारी यादी दिली होती. दुपारी पाहिलं तर त्याच्या स्क्रीनवर ते पान उघडं होतं, आणि त्याने कुणालाच विचारलं नव्हतं. ताईंनी ते साहेबांना नेऊन दाखवलं.

मला ठेवून घेतलं. पानाखाली लिहिणाऱ्यांची नावं असतात, तिथे ताईंनी माझं नाव स्वतःच्या आधी घातलं. आईचं नाव घालायची मात्र तिथे सोय नव्हती.