कानाचा पडदा

मुलगी शाळेतून आली तेव्हा तिच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक रेघ मानेपर्यंत उतरली होती. दुसरीत होती ती. आम्ही तिकडे हिंदी मुलखात, बीरगांवात राहायचो. नवरा जवळच्या उरला कारखाना वसाहतीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला होता.

"सर ने मारा," ती म्हणाली. घरात आम्ही मराठी बोलायचो, ती उत्तर हिंदीत द्यायची. पाढा चुकला म्हणून सरांनी आधी पट्टीनं मारलं, रडली म्हणून कानाखाली वाजवली. डॉक्टरांनी तपासलं. पडदा फाटला होता.

सासरे म्हणाले, "आमाले मास्तरानं कमी मारलं का? मार खाल्ल्याबिगर पोट्टे शिकते का?"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात नवऱ्यानं सरांची कॉलर धरली आणि डोकं भिंतीवर आपटलं. ते पडले तरी हा लाथा घालतच राहिला. ओठ फाटला, चष्म्याची काच भुवईत घुसली. मी त्याला कमरेला धरून ओढत ओरडले, "सोडा ना, मरन तो!" मुलगी माझ्या मागेच उभी होती. तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं होतं आणि तिचा फ्रॉक ओला झाला होता.

ठाण्यात आमच्याआधी सरांची तक्रार पोचली. हेडमास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "दीदी, दोनों तरफ से समझौता कर लो." नवरा लगेच तयार झाला.

मी म्हटलं, "तुमच्यावर केस होते तर होऊ द्या. माह्या पोरीच्या कानाचा समझौता मी नाही करत."

सरांविरुद्ध तक्रार लिहून दिली आणि बालहक्क आयोगाकडे गेले. तिथल्या बाईंनी सांगितलं, शाळेत लेकराला मारायला कायद्यानंच बंदी आहे. मग आम्हाला बाहेर बसवून त्या मुलीशी एकट्याच बोलल्या. बाहेर आल्या तेव्हा नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "भैया, बच्ची अब आपसे भी डरती है."

तो तिथंच बाकावर हमसून रडला.

सरांना शाळेनं काढलं. सरांवरचा आणि नवऱ्यावरचा, दोन्ही खटले अजून चालू आहेत. मी दोन्ही तारखांना जाते. पडदा भरला, पण त्या कानानं तिला कमी ऐकू येतं. बापानं हात उचलला, अगदी पंखा लावायला, तरी ती अंग चोरायची. मग त्यानं तिला जवळ ओढणं सोडलं. ती आपण होऊन येईपर्यंत थांबायचा. सगळा पावसाळा गेला, तेव्हा कुठे आली.