फणसाच्या लाकडाचा स्पीकर

आई गेली त्याला आता दीड महिना झाला. माजघरात ती जिथे बसायची तिथे तो खोका अजून आहे. कमरेएवढा उंच, फणसाच्या लाकडाचा, पुढून काळ्या कापडाने झाकलेला. भेटायला येणारे त्याच्यावर पाण्याचा तांब्या ठेवतात. ते गेले की मी तांब्या उचलतो आणि ओला गोल पुसतो. कुणाला काही सांगत नाही. या खोक्याबद्दल मी आजवर कुणालाच काही सांगितलेलं नाही, म्हणून आता लिहून ठेवतो आहे.

आईला ऐकू कमी येत असे. आधी एक कान गेला, मग दुसरा हळूहळू जायला लागला. मालवणहून कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण ते शिट्टी वाजवतं म्हणून तिने ते ट्रंकेत टाकून दिलं. तिला काही सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागे. आज आमच्याकडे बांगडा आहे की तारली, हे अख्ख्या वाडीला माझ्या तोंडून कळे. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो, आवाज बेताचा. दिवसभर वर्गात बोलून घरी आलं की पुन्हा ओरडण्याचं त्राण उरत नसे. त्यामुळे मी फक्त जरुरीचं ओरडायचो. पाणी, औषध, पोस्टमन, जेवण. बाकीचं आत राहून जाई.

घरात आम्ही तिघं. थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणायचो, मुंबईला गोदीत नोकरीला होता. वर्षातून एकदा कार्तिकातल्या भजनी सप्त्याला तो रजा घेऊन यायचा, कारण आमच्या वाडीचा मृदंग तोच वाजवायचा. एका वर्षी येताना त्याने टू-इन-वन आणला, म्हणजे रेडिओ आणि टेप एकाच डब्यात. मला म्हणाला, "ह्या वर्षी भजन भरून घे रे. मुंबयत ऐकाक होया."

सप्त्यात नाम अखंड चालतं. एकेका वाडीची पाळी असते, तिला आमच्याकडे पार म्हणतात. एक वाडी उठली की दुसरी बसते. टाळ आणि मृदंग मध्ये थांबू द्यायचे नाहीत. त्या वर्षी द्वादशीच्या दिवशी आमचा पार दुपारी बाराला संपायचा होता. पण पुढच्या वाडीचा मृदंगवाला आलाच नाही. दादाला उठता येईना. तो टाळांच्या मागे जरा सरकला, मृदंगाच्या डाव्या पुडीला, म्हणजे चामड्याला, कणीक लावून लावून थाप तपासू लागला, आणि ते करता करताच त्याने मला काहीतरी सांगितलं. मी शेजारीच टेप घेऊन बसलो होतो. ते सांगणंही टेपमध्ये भरलं गेलं.

त्याने सांगितलं होतं, आईला जाऊन सांग, माझी वाट बघू नकोस.

आदल्या दिवशी आईची निर्जळी एकादशी होती. द्वादशीला उपास सोडायचा, पण मुलगे जेवल्याशिवाय ती जेवत नसे. हा तिचा नेम कुणी घालून दिलेला नव्हता. मी शाळेतून अडीचला आलो तरी ती अडीचपर्यंत उपाशी. दादाला ते ठाऊक होतं, म्हणून त्याने निरोप दिला. मी कॅसेट संपेपर्यंत बसलो, मग देवळाच्या मागच्या कट्ट्यावर वारा होता तिथे गेलो. पिशवीत वाचनालयाचं पुस्तक होतं. ते उघडलं. देऊळ घरापासून दहा मिनिटांवर आहे.

दादा घरी पोचला तेव्हा चार वाजले होते. त्याच्या मागोमाग मी. आईने दोघांना वाढलं, स्वतः चुलीकडे तोंड करून बसली. दादाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भात कालवायला लागला. त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. तो बोलेल असं वाटलं. तोही बोलला नाही.

साधा निरोपही धाडला नाही म्हणून दोन दिवस आई त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तो सकाळच्या एसटीने गेला. टू-इन-वन आणि भजनाची कॅसेट इथेच राहिली. तिने डबा भरून दिला, पण तो माझ्या हातात, त्याच्या नाही. माघात मुंबईहून तार आली. कावीळ होती, उशिरा कळलं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं झालं होतं.

पुढचं सगळं घडलं ते वर्ष उलटल्यावर.

वर्षश्राद्ध झाल्यावर आई एक दिवस टू-इन-वन माझ्यापुढे आणून ठेवून म्हणाली, "लाव तां." मी भजनाची कॅसेट लावली. आवाज पूर्ण चढवला तर डबा फरफरायला लागला. तिने कान जाळीला लावला.

"ह्यो तेचो आवाज न्हय. डबो वाजता," ती म्हणाली. पण कान काढला नाही. कॅसेट दादाच्या निरोपापाशी पोचली तेव्हा तिने एकदम हात वर केला. "आवशीक म्हणता तो! आवशीक सांग, म्हणता. मगे फुडे काय म्हणता?" 'आवशीक', म्हणजे आईला, एवढंच तिला लागलं होतं.

मी मान हलवली.

"तू थंयच होतंस मां?"

"आठवणा नाय," मी ओरडलो.

हे खोटं मी ओरडून बोललो, शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असेल. खरं सांगायचं तर तेही ओरडूनच सांगावं लागलं असतं. 'तू उपाशी राहिलीस ती माझ्यामुळे, त्याच्याशी बोलली नाहीस ती माझ्यामुळे,' हे अंगणापलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात कसं सांगायचं? मला जमलं नसतं. चिठ्ठी लिहावी तर तिला वाचता येत नव्हतं. तेव्हा मी ठरवलं, त्यालाच सांगू दे. त्याचा आवाज तिला ऐकू येईल एवढा मोठा आणि एवढा स्वच्छ करायचा. तिचा दुसरा कान जायच्या आत.

लाल बटण दाबलं असतं तर ते वाक्य अर्ध्या मिनिटात पुसून गेलं असतं, हेही मला माहीत होतं. कॅसेटच्या पाठीवर दोन बारीक चौकोनी पाकळ्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. त्या मी पहिल्याच दिवशी पेन्सिलीच्या टोकाने मोडल्या. भरवसा माझ्यावरच नव्हता.

जत्रेत माईक लावणाऱ्या माणसाला आधी विचारलं. तो हसला. "घराक कर्णो लावतंस? मगे नारळ फोडून सप्तोच सुरू कर. अख्खी वाडी येतली भजनाक." त्याने कुडाळच्या एका मेकॅनिकचं दुकान सांगितलं.

मेकॅनिकने चष्म्यावरून बघितलं. "मास्तर, आवाज मोठो होयो काय साफ?"

"दोन्ही."

"सगळ्यांका दोनय होया असता."

त्याने खाऱ्या हवेने खराब झालेला टेपचा हेड स्पिरिटने पुसला, एक अॅम्प्लिफायर जोडून दिला आणि आठ इंची स्पीकर दिला. खोका गावातच करून घ्या म्हणाला. "जाड फळयेचो करा. खोको हालाक नको."

आमच्या शेजारच्या वाडीत सुतार होता. घरांची दारं करायचा, पण त्याचं नाव होतं मृदंगाच्या खोडांसाठी. दादाचा मृदंग त्यानेच कोरलेला. मी जाड फळी म्हटल्यावर त्याने रंधा खाली ठेवला.

"कुडाळचो तो मेकॅनिक मृदंग घडवता काय?"

"नाय."

"मगे तेका लाकडातला काय कळता? जाड फळयेत आवाज घुसमटतलो. फणसाचा लाकूड बोलता." त्याने कोपऱ्यातल्या फळ्यांकडे हात केला. "तुझ्या भावाच्या मृदंगाचो तुकडो अजून आसा माझ्याकडे. तेच झाडाचो."

मला ते पटलं. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला पटू नये, पण पटलं. मला वाटलं, ज्या झाडातून त्याचा मृदंग निघाला त्याच झाडातून त्याचा आवाज निघेल. सुताराने खोका पंधरा दिवस घेऊन केला. फळ्या आतून तासून इतक्या पातळ केल्या की बोटाने टिचकी मारली तरी घुमायचं. मजुरी घेतली नाही.

लावला तेव्हा घर हादरलं. मृदंगाची एकेक थाप खोक्यातून दुप्पट होऊन येत होती. अंगणातून शेजारीण आत आली. "कोण वाजवता रे? माका वाटला..." एवढं बोलून ती थांबली आणि परत गेली.

आईने खोक्यावर हात ठेवला. "वाजवता. बरो वाजवता." तिच्या चेहऱ्यावर असं समाधान वर्षभरात मी बघितलं नव्हतं. मग ते वाक्य आलं. 'आवशीक', आणि पुढे सगळं थापेखाली गेलं. कणीक लावून पुडी तपासणारी ती थाप. धुम, धुम. त्याचं बोलणं त्याच्याच हाताखाली दबून गेलं होतं. आवाज जितका चढवावा तितका खोकाच जास्त बोलत होता.

"फुडे काय?" आई म्हणाली. मी बंद केलं.

त्यानंतर दोन महिने मी काहीच केलं नाही. शाळेतून यायचो, तो खोका दिसायचा, मी पडवीत बसून वह्या तपासायचो. दर रविवारी आई विचारायची, मी उद्या म्हणायचो. एक दिवस ती माझ्या ओरडण्याला "काय? काय?" करत राहिली आणि शेवटी ऐकलंच नाही तिने; हाताने 'राहू दे' म्हणाली. त्या आठवड्यात मी खोका गोणपाटात गुंडाळून कुडाळच्या एसटीत चढवला.

"ह्या काय मास्तर, देव्हारो?" कंडक्टर म्हणाला.

"स्पीकर."

"मगे तिकीट कोणाचा काढूचा? खोक्याचा काय आतल्याचा?"

मेकॅनिकने टिचकी मारून बघितली आणि खुर्चीत मागे टेकला. "हो स्पीकर न्हय मास्तर, हो मृदंग. आतल्या स्पीकराचो कागद सांगता तां ह्यो खोको ऐकणाच नाय, आपलाच सांगता." मग जरा नरमाईने, "काम मात्र झकास केलेला आसा." खोका फेकू नका म्हणाला. आतून आडव्या पट्ट्या मारून दिल्या, सांध्यांत मेण भरलं. "आता आत कापूस भरा. दाबून नको, सैल. खोक्यान गप रवाक होया."

घरी येऊन मी आईला ओरडून सांगितलं, "कापूस होयो! खोक्यात भरूक!"

ती आतल्या खोलीत गेली आणि उशी घेऊन आली. परसातल्या सावरीच्या झाडाचा कापूस तिने स्वतः वेचून दादासाठी भरलेली उशी. तो मुंबईत वारला, म्हणून त्याचं अंथरूण काढून टाकायची वेळ इथे आलीच नव्हती.

"ही दादाची," मी म्हणालो. ओरडलो नाही, पण ओठांवरून तिला कळलं.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली, आणि विळीवर उशीची शिवण उसवली. आम्ही दोघांनी मिळून कापूस भरला. तिच्या केसांत, माझ्या सदऱ्यावर, सगळीकडे तो हलका कापूस.

रविवार होता, सकाळची वेळ. संध्याकाळपेक्षा वीज तेव्हा बरी असायची. मी कॅसेट मागे घेतली, आवाज चढवला. मृदंग आता लहान झाला होता, जिथे असायला हवा तिथे, टाळांच्या मागे. आई खोक्यासमोर पाट घेऊन बसली, बरा कान पुढे करून. आणि दादा बोलला. घसा साफ करून, थोडा दमलेला, अगदी त्याच्या आवाजात.

"आवशीक सांग रे, माझी वाट बघू नको म्हणान. काल एकादशी केल्यान हा, उपाशी रवात. जेवून घे म्हणान सांग."

आणि लगेच दुसरा आवाज, बेताचा, घाईतला. "होय, सांगतंय."

तो माझा होता. मी होय म्हटलं होतं हे मी विसरून गेलो होतो. त्या लहान डब्यातून ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

आईने माझ्याकडे बघितलं. "तू होय म्हणालंस."

मी मान हलवली.

"मगे?"

मला ओरडता येईना. मी दोन्ही हात नुसते वर करून खाली सोडले. ती काळ्या कापडाकडे वळली. टाळ चालूच होते.

"दोन दिस माझ्या मागसून फिरा होतो," ती शेवटी म्हणाली, स्वतःशी बोलावं तशी. "तेना तुझा नाव घेवक नाय." मग हात पुढे करून बटणाकडे बोट दाखवलं. "परत लाव."

मी परत लावलं. दुपारपर्यंत कितीदा लावलं ते मोजलं नाही. ती रागावली नाही, रडलीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अडीचला आलो. माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. तिचं ताट घासून पालथं घातलेलं होतं. ती जेवून माजघरात आडवी झाली होती. आधी वाटलं, बरं नसेल. पण तिसऱ्या दिवशीही तेच, आणि त्यानंतर ती होती तोवर तेच. ती पुन्हा कधी माझ्यासाठी जेवायची थांबली नाही.

ती दादाचं ऐकत होती, की मला काही सांगत होती, हे मी विचारलं नाही. विचारायचं तर ओरडून विचारावं लागलं असतं.