स्केचबुकातली अक्षरं

ड्रॉइंग मास्तरच्या घरात दोन गोष्टी साठत जातात, रंगाच्या रिकाम्या ट्यूब आणि किस्से. ट्यूब बायको फेकून देते. किस्से राहतात!

१९७५ नंतरची ती वर्षं. वर्ध्यात आम्ही तिघं मित्र. मी आणि भाऊराव शाळेत ड्रॉइंग मास्तर, शंकर पाट्या रंगवणारा पेंटर. दर रविवारी सायकली काढून स्केचिंगला जायचो. नियम एकच. चित्रासोबत लिहायचंही, आणि अक्षर चित्रात मुरलं पाहिजे. फळ्यावरच्यासारखं लिहिलं, तर त्या दिवशीचा चहा त्याच्याकडे!

भाऊरावांचं चित्र कुठं संपतं नि अक्षर कुठं सुरू होतं, कळायचंच नाही. आम्ही जळायचो. प्रेमानं, पण जळायचो.

*

शंकरला काहीही लिहिलं की शॅडो द्यायची खोड. एकदा त्यानं बसलेली म्हैस झकास काढली आणि खाली ठळक, लाल शॅडोचं 'म्हैस'!

भाऊराव म्हणाले, "शंकर, ही म्हैस आहे का म्हशीचं दुकान?"

*

नालवाडीत मी विहीर काढली. पाण्याऐवजी आत गोल गोल उतरत जाणारा मजकूर. पाण्याला आलेल्या एक काकू वाचायला लागल्या. वही फिरवायची सोडून स्वतःच माझ्याभोवती फिरल्या!

शेवटी खाली बसल्या. "मास्तर, चक्कर आली न मले! आता पाणी तरी पाजा तुमच्या विहिरीतलं!"

*

नाचणगावला एका बकरीनं भाऊरावांच्या पानाचा कोपरा खाल्ला. नेमका लिहिलेला!

"चित्र सोडलं अन् अक्षरं खाल्ली," भाऊराव खूश. "पारखी आहे बकरी!"

*

पुढं भाऊरावांना पॅरालिसिस झाला. उजवा हात गेला. हळूहळू डाव्या हातानं चित्रं काढू लागले, पण लिहीत नसत. "अक्षर गेलं आता," म्हणायचे. पानावरची ती कोरी जागा आम्हाला बघवत नसे.

एका रविवारी शंकरनं त्यांना आंजीला नेलं. मीही होतो. समोर ज्वारीचं वावर. भाऊरावांनी बांध काढला, झोपडी काढली आणि वावराशी येऊन थांबले. मग ज्वारीच्या ताटांसारखी एकेक उभी अक्षरं लिहायला लागले. डावा हात नीट वळत नव्हता. एक अक्षर इकडे कललं, दुसरं तिकडे. त्यांचे डोळे भरून आले. पान फाडायला हात पुढे केला.

शंकरनं तो हात धरला. "फाडता काऊन, भाऊ? आत्ता कुठं वावरात वारा सुटला!"

भाऊरावांनी पानाकडे पाहिलं. मग नाक पुसत म्हणाले, "मंग पान धर ना बे, उडून जाईन ते!"