दोघांच्या नावावरचं दुकान

वेगळं होऊन वर्ष झालं, तरी शिवणकामाचं दुकान दोघांच्या नावावर होतं. मास्तर कापड कापायचे, बायको शिवायची. आता मास्तरांना तिचा अर्धा हिस्साही आपल्या नावावर करून हवा होता. ती सही करायला आली, तर तिच्या मशीनवर नवी शिलाईवाली. स्टुलावर फुलाफुलांची उशीसुद्धा.

“बाईसाहेबांना मऊ लागतं वाटतं बसायला,” ती जळून म्हणाली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक सदरा परत घेऊन आलं. “मास्तर, यात मी आणि माझा भाऊ दोघं मावतो!”

नवी रडवेली होऊन स्टुलावरून उठली. “सगळे घेतात तेवढीच शिवण आत घेतली हो मी.”

बायकोनं सदरा उलटा केला. तिला रुंद शिवण घ्यायची सवय, म्हणून मास्तर कापड नेहमी वाढवून कापायचे. अजूनही ते तिच्याच हाताच्या हिशेबानं कापत होते. तिची जळजळ शमली नाही, पण तिला हसू मात्र आवरेना.

तिनं पेन खाली ठेवलं. “आधी हिच्या हाताचं कापायला शिका, मग सही मागा.” जाताना तिनं स्टुलावरची उशी उचलून नवीच्या हातात दिली. “आणि तोवर हे स्टूल अर्धं माझं आहे.”